पहिला तांब्या खुर्चीला

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आंघोळीला बसायची खुर्ची पाठवू का?" आणि मी "आहे माझ्याकडे" एवढंच म्हणून विषय बदलला. तुम्हाला वाटलं असेल आजी टाळते आहे. तसं नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी बसूनच आंघोळ करते. पण ती खुर्ची मुळात माझी नाही, आणि तिच्यामागे जी बाई आहे तिच्याबद्दल फोनवर घाईत बोलायला जीभ उचलली नाही. म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे.

"पहिला तिला," असं म्हणत ती गरम पाण्याचा पहिला तांब्या खुर्चीवर रिता करायची आणि ओल्या हाताने खुर्चीच्या पाठीवर हलकेच थाप मारायची. मग स्वतः बसायची.

समोरच्या घरातली आत्या. तुम्हाला ती पुसट आठवत असेल. लहानपणी सुट्टीत आलात तेव्हा तुम्हाला ओट्यावर बसवून तिने तुमचे तळपाय उलटे करून पाहिले होते आणि "चांगली हायेत लेकरं, दूर चालतील," असा निकाल दिला होता. माणूस कसा आहे हे ती पायावरून ठरवायची. तिची सून, वंदना, सासूला आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. मी तिच्याहून फार लहान नव्हते, तरी मीही.

जुन्या जालन्यातली आमची गल्ली किती अरुंद आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. समोर फोडणी पडली की शिंक आम्हाला. तशा गल्लीत ती टेंभुर्णीकडून आली होती, अर्धं आयुष्य मेंढरांमागे उघड्या माळावर काढून. नवरा गेला, कळप विकला, आणि कापडाच्या ठोक दुकानात गठ्ठे बांधणाऱ्या मुलाने माय म्हणून हाताला धरून तिला इथे आणलं. पहाटे ती ओट्यावर उभी राहून दोन्हीकडच्या भिंतींकडे बघायची. कळप अडकलेल्या खिंडीकडे बघावं तशी.

इथे तिचं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, मागची न्हाणी. दार लावलं की आत ती आणि पाणी.

एका हिवाळ्यात तिथेच ती पडली. गुळगुळीत शहाबादी फरशी, साबणाचं पाणी, बूड टेकायला एक दगड. उठताना पाय सरकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर होतं तोवर वंदनाने तिला आंघोळ घातली. प्लास्टर निघालं तरी वंदना बादली घेऊन हजर.

"आता माझी मी करीन," आत्या म्हणाली.

"आत्या, पुन्हा पडलात तर?"

"मेल्यावर घाला मला आंघोळ. सगळी गल्ली मिळून घाला. तवर माझी मी."

हे वाक्य पुढे आम्ही इतक्यांदा ऐकलं, की आता न्हाणीतून वाफ आली तरी मला ते ऐकू येतं.

मुलाने तोड काढली. लग्नाच्या मांडवात असते तसली प्लास्टिकची खुर्ची आणून न्हाणीत ठेवली. "माय, हिच्यावर बस आणि घे पाणी." आत्याने खुर्चीकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "ही दारासमोर मांड. मी मरते, मंग बसव."

मुलाचा चेहरा पडला. त्यांच्या गावी माणूस गेलं की त्याला दारासमोर खुर्चीवर बसवून चारचौघं पाणी घालतात. खुर्ची आणि पाणी एकत्र आलं की तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता. आपण आईसमोर काय आणून ठेवलं, हे त्याला तेव्हा उमगलं. वातावरण हलकं करायला वंदना त्या खुर्चीत बसून दाखवायला गेली, तर ओल्या फरशीवर खुर्चीचे मागचे पाय फाकले आणि ती त्यात अडकून बसली. आधी आत्या हसली, मग सगळे. पण त्या दिवशी आंघोळ झाली नाही.

मला राहवेना. दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात चाकांच्या खुर्च्यांच्या मागे मी एक खुर्ची पाहिली होती. ॲल्युमिनियमचे पाय, त्यांना रबराचे जाड बूट, पाणी निथळायला बसायच्या जागी भोकं, पाठ टेकायला आधार, दोन्हीकडे हात. पाय खटक्याने कमीजास्त करता येत होते. घेण्याआधी मी माप घ्यायला गेले. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत टेप लावला, तशी आत्या म्हणाली, "काय बाई, गुडघ्याला झंपर शिवून राह्यल्या का?"

"बसल्यावर तळपाय पुरते जमिनीला टेकले पाहिजेत, आत्या. लोंबकळले तर उठताना तोल जातो."

पायांची गोष्ट निघाल्यावर तिने आपल्या तळपायांकडे पाहिलं. पण मान हलवली ती नाहीचीच.

मग मी ती खुर्ची आधी माझ्याच न्हाणीघरात ठेवली. रोज तिच्यावर बसून आंघोळ करायची आणि ओले केस मोकळे सोडून आत्याला दिसेलसं ओट्यावर बसायचं. चांगली धडधाकट बाई बसून आंघोळ करते म्हणून तुमचे आजोबा हसत होते. थोड्या दिवसांनी आत्या गल्ली ओलांडून आली.

"जित्या हायेत का?"

"आहे की."

"हात द्या." तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. "गरम हाय. मंग ही मेलेल्याची खुर्ची न्हाई?"

"मेलेल्याच्या खुर्चीला भोकं कशाला लागतील? पाणी साचून बसणारा घसरू नये म्हणून आहेत ती."

"खरंय. मेलेला घसरला तरी काय व्हायलंय त्याचं!" आणि खोकला येईपर्यंत ती हसली.

खुर्ची समोर गेली. मोरीकडचा उतार सोडून सपाट जागा बघून, पाठ भिंतीला लावून आम्ही ती मांडली. चारही पायांचे खटके एकाच उंचीच्या भोकात बसले की नाही ते मी पाहिलं आणि हाताने जोर देऊन हलवून पाहिली. टॉवेलची दांडी धरून माणूस उठतो आणि दांडीसकट पडतो, म्हणून गवंड्याकडून भिंतीत पक्की स्टीलची दांडी बसवून घेतली. वाकावं लागू नये म्हणून बादली उंच दगडावर, तिच्या उजव्या हाताला. पाणी आधीच विसणून ठेवायचं. साबण हातातून निसटायचा, तर आत्यानेच तो सुती पिशवीत घालून खुर्चीच्या हाताला बांधला. मेंढीच्या गळ्यात घंटा बांधावी तसा.

भांडण झालं ते कडीवरून. मुलगा म्हणाला, कडी लावायची नाही. आत्या म्हणाली, "बिनकडीची आंघोळ काय रस्त्यावर करू का?" शेवटी ठरलं असं, की कडी लागणार नाही, पण दारावर तिची काळी घोंगडी टाकलेली असेल, घोंगडी आहे तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. आणि आत असताना आत्याने बोलत राहायचं. आवाज थांबला, तर मात्र वंदना घोंगडीला विचारणार नाही.

"येकटीच काय बोलू? येडी म्हणतील."

पण पहिल्याच दिवशी तिला सापडलं काय बोलायचं ते. ती मेंढरांना हाका मारू लागली. "काजळे, ये. बांडे, हिकडं. चांदे, तू मागं का गं?" लोकर कातरायच्या आधी पूर्णेच्या पात्रात कळप धुवायचे ते दिवस. कळपातल्या म्होरकीला आधी पाणी दाखवायचं, ती भिजली की बाकीच्या भीत नाहीत, असं ती सांगायची. खुर्चीला पहिला तांब्या मिळू लागला तो तेव्हापासून. गार बैठक त्याने गरम व्हायची हेही खरं, पण ते ती मागाहून सांगायची.

मी चहाचा कप घेऊन माझ्या ओट्यावर बसायचे. समोरच्या जाळीतून वाफ निघायची, कोवळ्या उन्हात पांढरी व्हायची, आणि त्या वाफेतून ती नावं बाहेर येत राहायची. कधीकधी मला वाटायचं, आमच्या गल्लीतून खरंच कळप चालला आहे. ओल्या लोकरीचा वास, खुरांचा बारीक आवाज, मागे कुठेतरी नदी. मग पेपरवाल्याची सायकल यायची आणि गल्ली पुन्हा गल्ली व्हायची.

पुढल्या थंडीत तिने एक उद्योग केला. जुन्या घोंगडीचे तुकडे कापून खुर्चीच्या चारही पायांना बांधले. रबर फरशीवर किंचाळतं हे सांगायचं कारण, आणि "गार फरशीवर उघड्या पायानं उभी ऱ्हाती बिचारी," हे खरं कारण. यात धोका आहे हे कुणालाच कळलं नाही. भिजलेली लोकर फरशीवर लोण्यासारखी सरकली. खुर्ची उताराकडे निघाली, आत्याने भिंतीतली दांडी पकडली, आणि चांदीचं नाव अर्धंच बाहेर आलं.

वंदना घोंगडीला न विचारता आत शिरली. आत्या दांडीला लोंबकळत होती. लागलं नव्हतं, खांदा तेवढा हिसकला होता.

संध्याकाळी मुलाने खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. "बस झालं, माय. उद्यापासून वंदना घालंल."

दुसऱ्या दिवशी वंदना बादली घेऊन आली, तर आत्या उठली नाही. आणि आंघोळ केल्याशिवाय तिने कधी घास घेतला नव्हता, तो तेव्हाही घेतला नाही. ओट्यावर भिंतीला टेकून बसली, डोळे मिटून. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "बाई, न्हाई. पारोशी हाय मी." तिसऱ्या दिवशीही तेच. मुलगा दुकानात गेला आणि दुपारीच परत आला. आईसमोर उकिडवा बसून म्हणाला, "माय, तू पडलीस तर मी काय करू सांग."

"मी तुला लहानपणी पडू दिलं न्हाई का? तू पडलास तर मी काय तुझं चालणं बंद केलतं?"

तो उठला आणि माळ्यावरून खुर्ची काढून आणली. आत्याने ती आडवी केली, मांडीवर घेतली आणि पायाचे तुकडे सोडू लागली. गाठी ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या. मी कात्री दिली. "खूर मोकळं पायजे," ती स्वतःशीच म्हणाली. "बांधलेल्या खुराचं जनावर खडकावरून घसरतं. मला ठावं होतं. हिलाच का बांधलं मी?" त्यानंतर बाजाराच्या दिवशी ती खुर्ची उलटी करून एकेक पाय बोटाने चाचपायची. रबर झिजलं असेल तर मला हाक, "बाई, म्होरला डावा बदलावा लागंल." आणि मुलगा त्याच दिवशी बिनबोलता नवं रबर आणायचा.

अशा कितीतरी सकाळी गेल्या. आवाज बारीक होत गेला, कळपही आटत गेला. शेवटी शेवटी ती एकट्या चांदीलाच बोलवायची. पण दार लोटलेलं, घोंगडी दारावर, आणि आत ती एकटी. त्यात बदल झाला नाही.

गेली ती दुपारी, जेवून पडल्यावर, झोपेत. त्या दिवशीची आंघोळ तिची तिने केली होती. केस अजून ओलसर होते.

टेंभुर्णीहून माणसं आली. दारासमोर पाणी तापलं. कुणीतरी खुर्ची मागितली आणि तिचा एक पुतण्या मागे जाऊन, समोर दिसली ती ॲल्युमिनियमची खुर्ची घेऊन आला. वंदना रडत होती. ती एकदम उठली आणि खुर्चीचा हात धरला.

"ही न्हाई."

"अगं, घरात हाय तर..."

"ही त्यांच्या जित्या आंघोळीची हाय. हिच्यावर कुणी दुसऱ्यानं त्यांना पाणी घालायचं न्हाई." आणि तिने पाट आणून मांडला. मुलाने आईला धरलं. सगळ्या गल्लीने मिळून तिला आंघोळ घातली, तिने सांगितली होती तशीच. मीही एक तांब्या घातला. खुर्ची आत न्हाणीत भिंतीला पाठ लावून उभी होती.

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा वंदना ती घेऊन आली. म्हणाली, "बाई, आमच्याकडं नुस्ती उभी हाय. आत्या म्हणायच्या, जनावर नुस्तं उभं ठेवू नये." दारावर टाकायला घोंगडीही आणली. तुमच्या आजोबांच्या मागे घरात मी एकटी, म्हणून माझ्या आंघोळीच्या वेळी ती माझ्या ओट्यावर भाजी निवडत बसते, आणि मी आतून बोलत राहते. मेंढरांची नावं मला नीट घेता येत नाहीत. मी तुम्हा दोघांची नावं घेते. धाकट्याचं आधी.

तेव्हा नवी खुर्ची पाठवू नका. जुनी चांगली आहे. पाय माझ्या मापाला लावून घेतले आहेत, रबरं नवी आहेत, साबणाची पिशवी तिच्या हाताला तशीच बांधलेली आहे. घोंगडी दारावर असते, आणि कडी मी लावत नाही.