आख्ख्या कंटेनरात एक खोकं

तारकर्लीच्या आसपासच्या चार वाड्यांतल्या बायकांनी काथ्याची पायपुसणी परदेशातल्या एका व्यापाऱ्याला पाठवायचं ठरवलं, तेव्हा कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. मुंबईत तीस वर्षं ऑफिसात बसलेला माणूस गावात हुशार समजला जातो. हा गैरसमज मीही कधी दूर केला नव्हता.

बायकांची पुढारी माझी वहिनी. "भावजीनू, कंटेनर दुसऱ्याबरोबर वाटून घेतलो तर स्वस्त पडात ना?" तिने विचारलं. मी चष्मा वर सरकवून समजावलं, शेजारी कसला माल येईल सांगता येत नाही आणि काथ्या वास पटकन धरतो. कंटेनर आख्खा आपलाच हवा. बायकांना पटलं. मला तर फारच पटलं.

माल भरला तेव्हा दाराशी हातभर जागा उरली. आमच्याकडे परगावी जाणाऱ्याच्या हाती काही दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि माझा भाचा नेमका त्या व्यापाऱ्याच्याच शहरात. गोलमा, म्हणजे सुका जवळा, त्याचा जीव की प्राण. मी एक खोकं गुपचूप आत सरकवलं, वर भाच्याचं नाव लिहिलं. कागदावर अर्थात फक्त पायपुसणी. दाराला सील लागलं.

महिन्याभराने व्यापाऱ्याचा निरोप आला: मालाला घाण वास येतोय, पुढची ऑर्डर तूर्त थांबवतो. वहिनीने बायकांना सांगितलं, "काथो नीट धुवून सुकवलो नाय. चूक माझी." बायका मुकाट्याने उरलेला काथ्या पुन्हा धुवायला बसल्या.

मग तिने मला पडवीत बोलावून मोबाईलवर व्यापाऱ्याने पाठवलेला फोटो दाखवला. फोडलेलं खोकं, त्यावर माझं वळणदार अक्षर.

"त्यांका सांगूक माकाच लाज वाटली," ती म्हणाली. "घरचो माणूस."

रागावली असती तर मी काहीतरी सबब काढली असती. मी अंगणात गेलो.

"धुवू नकात. वास माझ्या गोलम्याचो."

सगळ्यांत थोरल्या बाईने हातातला पिळा खाली ठेवला. "प्लास्टिकात तरी बांधलेलो मां?"

वर्तमानपत्रात बांधला होता.

"शिकलेलो माणूस," ती शेजारणीला म्हणाली.

व्यापाऱ्याला माफीचं पत्र मीच लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत 'आमच्या हातून' लिहून गेलो. मागे वहिनी उभी होती. मी 'आमच्या' खोडून 'माझ्या' केलं.