माझ्याच हातावर बंद पडणारं घड्याळ

विषय : स्वहस्ते जुळवलेले मनगटी घड्याळ मालकाच्या हातावर वारंवार बंद पडल्याबाबत.
संदर्भ : आमच्या सौ.चे तोंडी शेरे, वेळोवेळी.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन असे की, माझी बुऱ्हाणपुरात, भर लालबागेत शोभा झाली. ती कशी झाली हे गावभर चुकीचं सांगितलं जातंय, म्हणून खरी हकीकत मीच सांगतो. बसा, चहा टाकलाय.

निवृत्त बड्या बाबूनं, म्हणजे हेडक्लार्कनं, काय करावं? लोक म्हणतात, देवळात जावं, नातवंडं फिरवावीत, आणि बसल्या जागी सुनेला सल्ले द्यावेत. मी ठरवलं, घड्याळ बनवायचं. साधंसुधं नव्हे! परदेशातले धनिक जे मनगटावर मिरवतात, अगदी तसं दिसणारं. हिरवी तबकडी, स्टीलचा पट्टा, पाठीला काच, आतली चक्रं दिसावीत म्हणून. सुटे भाग मागवले, मोबाइलवर धडे पाहिले, डोळ्याला भिंग लावलं आणि जेवणाच्या टेबलावर कारखाना थाटला.

सेकंदकाटा बसवताना मला शिंक आली. काटा उडाला तो थेट पोह्यांत.

"पोहे फेकायचे नाहीत," सौ. म्हणाली, "निवडून खा."

निवडून खाल्ले. काटा सापडला. सांगायचा मुद्दा, इतक्या हालअपेष्टांतून ते घड्याळ उभं राहिलं. तबकडीवर मी बारीक अक्षरांत 'बुऱ्हाणपूर' लिहून घेतलं. गावाची इज्जत त्यात आली, म्हणजे माझीही आली.

चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवलं आणि समजावूनही दिलं. "याला सेल नाही, चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन आहे. हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरली जाते. ऑटोमॅटिक!" सगळ्यांनी चहा सोडून घड्याळाभोवती गर्दी केली. असा मान मला निरोप समारंभातही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ बंद!

झटकलं, सुरू झालं. संध्याकाळी पाहतो तर पुन्हा बंद. मी आपला आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत पडलोय, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि हे कृतघ्न यंत्र माझ्याच मनगटावर मरून पडलंय!

भाग विकणाऱ्या दुकानाला फोन लावला. पलीकडून एक मुलगी बोलली.

"सर, दिनभर में आपका हाथ कितना हिलता है?"

"मॅडम, मुझे लकवा नहीं हुआ है!"

"नहीं सर, मेरा मतलब..."

मी फोन आपटला. तक्रारीला उत्तर द्यायचं सोडून तक्रारदारालाच प्रश्न विचारायचे, हे डावपेच मला शिकवता? अख्खी नोकरी मी दुसरं काय केलं?

जवळच्याच फोपनार गावचे काशिनाथ पाटील माझे जुने स्नेही. केळीची बाग आहे. परीक्षा म्हणून घड्याळ त्यांच्या हातावर बांधलं. आठवड्यानं हसत हसत आले.

"बाबूजी, तुमची घडी तर एकदम मस्त चालून राहिली! पाणी दिलं, घड कापले, ट्रक भरला, पण बंद म्हणून नाही पडली."

घड्याळ परत माझ्या हातावर आलं. दुसऱ्या दिवशी बंद.

आता तुम्हीच सांगा, चार बुकं वाचलेल्या माणसानं यातून काय निष्कर्ष काढावा? यंत्र उत्तम, जुळणी उत्तम, पाटलांच्या हातावर चालतं, माझ्या हातावर नाही. चुंबकाजवळ घड्याळ बिघडतं हे मी कुठंतरी वाचलं होतं. मग उघडच आहे की! माझ्या अंगात चुंबक आहे!

हे मी टपरीवर बोललो. बोलायला नको होतं.

सकाळी दारात शेजारचे महाजन गुरुजी.

"बाबूजी, गुडघा लई दुखून राहिला. जरा हात ठेवा."

"गुरुजी, मी वैद्य आहे का?"

"चुंबकाचा पट्टा बांधून पाहिला, फरक नाही. तुमचं चुंबक तर जिवंत आहे!"

ठेवला हात. काय करणार? गुरुजी ओरडले, "गरम वाटलं हो!"

झालं! ओसरीवर रांग लागली. कुणाची मान, कुणाची कंबर. एक पठ्ठ्या तर पाण्याची मोटार खांद्यावर घेऊन आला. म्हणे, हिचं चुंबक उतरलंय, भरून द्या. मला असा संताप आला! पण रांगेला शिस्त हवी, म्हणून मी क्रमांक द्यायला लागलो. हाताची सवय, दुसरं काय?

या सगळ्यांचा चहा मात्र सौ.च्या गळ्यात. एका सकाळी ती कणकेच्या हातानं बाहेर आली.

"काढा ते घड्याळ."

"कशाला?"

"काढा म्हणते ना!"

तिनं ते स्वतःच्या हातात चढवलं. पोळ्या लाटल्या, धुणं धुतलं, रांगेचा चहा गाळला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भरल्या ओसरीवर तिनं मनगट पुढं केलं.

"गुरुजी, किती वाजले?"

गुरुजींनी मोबाइलशी ताडून पाहिलं. "सव्वाअकरा. बरोबर."

"अगं, तुझ्या अंगात चुंबक नाही, म्हणून..."

"तुमच्याही नाही! हात हलला की चालतं, हे तुम्हीच सांगत फिरलात ना? मग हलवलात का कधी? पंख्याचं बटण दाबायलासुद्धा मला हाक मारता!"

गुरुजींनी गुडघा आवरला. रांग हसत हसत फाटकाबाहेर पडली. मोटारवाला तर हसण्याच्या भरात मोटार इथंच विसरला.

माझं म्हणणं एवढंच. घड्याळानं वेळ सांगावी. मालकाचा गोपनीय अहवाल लिहून तो चारचौघांत वाचून दाखवायचा अधिकार त्याला कुणी दिला? आणि तोही मीच जुळवलेल्या घड्याळाला?

घड्याळ परत मिळावं म्हणून सौ.कडे रीतसर तोंडी अर्ज केला. "आधी आठवडाभर कणीक मळा, मग बघू," असा शेरा मिळाला. मळण्याचा पूर्वानुभव नसल्यानं अट शिथिल करावी, अशी विनंती मी खुर्चीतूनच केली आहे. उत्तर आलेलं नाही. घड्याळ सौ.च्या हातावर अचूक चालू असून अर्ज प्रलंबित आहे.