विहिणीचं गाणं

गुजरातेतल्या डिंडोलीत आमच्या समोर राहणाऱ्या काकू साधं बोलल्या तरी हेल काढून बोलतात. कामाला घरी आणलेल्या साड्यांचे धागे कापताना त्यांची कात्रीसुद्धा ताल धरते. लग्नात आधी व्याह्याला आणि मग विहिणीला चिडवणारी गाणी म्हणायला त्यांनाच बोलावतात.

नळाला पाणी येईना, म्हणून आम्ही बायका हंडे घेऊन कचेरीवर गेलो. घोषणा दिल्या, पण साहेब बाहेर येईनात. काकू म्हणाल्या, "माले ते वरडानं जमत नहीं वं," आणि व्याह्याच्या जागी साहेबांना घालून सुरू झाल्या:

"साहेब आले नटूनथटून, आंघोळीविना अत्तर लावून!"

मी चारचौघांत तोंड न उघडणारी, पण पदराआडून मोठ्याने साथ दिली. साहेब धावतच बाहेर आले. गुजराती माणूस, पण गाणं बरोबर कळलं; हसू आवरेना. "अरे, आ तो फटाणां छे! अमारे त्यां पण लगनमां गाय छे. बस करो बेन, पाणी मळी जशे!"

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. सगळ्या हसत हंडे भरत होत्या. काकू तेवढ्या पायरीवर हिरमुसून बसलेल्या.

"आता काय झालं, काकू?"

"पानी इतलं लवकर कसाले उनं? विहीणनं गानं ऱ्हाई गयं ना वं!"