प्लास्टिकमधला जावई

यंत्र बंद नव्हतं. ‘चालू स्थितीत नव्हतं’ असं मी चौकशीत लिहून दिलं, ते खोटं. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

सातारा-सांगलीच्या मधल्या एका नगरपालिकेत मी स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे एक सफाई कामगार होता, गटारं साफ करायचा. मॅनहोलचं झाकण उचलण्याआधी त्यावर तीनदा पहार आपटायचा आणि वाकून विचारायचा, “हाय का कोण घरात?” आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

गटारात उतरणारा रोबो आला, तेव्हा सगळ्यात खूश तोच. चालवायचं दोन दिवसांचं प्रशिक्षणही त्यानंच घेतलं.

“मी वर सावलीत, खुर्चीवर. त्यो खाली घाणीत. समदं टीव्हीत दिसतंय, सायेब!” मग त्याच्या बोलण्याची गाडी पुढं जायची. उद्या विहिरीतला गाळ ह्योच काढील, पुरात अडकलेली माणसं ह्योच हुडकील. “माणसानं मराय जायाचं दिस संपलं बगा.”

पण उद्घाटन व्हायचं होतं. पाहुण्यांची तारीख मिळेना. दोनदा मांडव घातला, दोनदा सोडला. तोवर रोबो माझ्या स्टोअरमध्ये, प्लास्टिक गुंडाळलेला, वर सुकलेला हार. हा रोज दारातून डोकावायचा.

“जावईबापू अजून बसल्यातच व्हय? मानपान झाल्याबिगर उठायचं न्हाईत!”

एका सकाळी बाजारातली लाइन तुंबली. तो आला, तेव्हा हसत नव्हता.

“सायेब, आज द्या की. वास लय वंगाळ हाय.”

“प्लास्टिक फाटलं तर नोटीस मला येईल.”

“परत गुंडाळतो की. हारासकट.”

“उद्घाटन झालं की ने.”

स्टोअरची किल्ली माझ्या खिशात होती. बोलताना मी ती बोटांनी चाचपत होतो.

“बरं. सासराच न्हाई म्हणतोय, तर जावयानं काय करावं!” म्हणाला, आणि पहार उचलून गेला.

दुपारी त्याला दोर लावून वर काढलं. आतल्या गॅसनं तो गेला होता.

आठव्या दिवशी उद्घाटन झालं. या वेळी तारीख लगेच मिळाली.

रोबो चांगला चालतो. झाकण आता नुसतंच उचलतात, आधी कुणी काही विचारत नाही.

त्याची बायको आमच्याच ऑफिसात झाडलोट करते. एकदा केरसुणी थांबवून म्हणाली, “सायेब, त्यो बंदच हुता न्हवं?” मी होकारार्थी मान हलवली. तिनं पुन्हा झाडायला घेतलं.

रोबो चालू होता, त्यानं मागितला होता, किल्ली माझ्याकडे होती. एवढं तिला तोंडानं सांगणं आणि चौकशीत नव्यानं लिहून देणं, दोन्ही माझ्याकडून राहिलं आहे.