झुंबरबाईचा ठराव

झुंबरबाईचं नाव निघालं का माही मान खाली जाते. काऊन म्हणता? ऐका मंग.

जानेफळजवळ आमचं लहानसं गाव. झुंबरबाई आमच्या वार्डातली पंचायत मेंबर. साठी उलटलेली, शिक्षण चौथी, पण तोंड मोठं तिखट! वर्षभर एकच धोशा: गावातलं कोणतं काम कोणाले देलं, ते दर महिन्याले भोंग्यावर वाचून दाखवा. सरपंच हसे. बाई दारोदार फिरे, "माय, स्वयंपाक लवकर आटप, ग्रामसभेले ये. माणसं कमी पडले तर सभाच होत नाई."

अन् मी गोकुळ, मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवतो. पोट जाहिरातीवर, अन् लोक पाहतील तरच जाहिरात.

त्या दिवशी सव्वाशे माणसं जमले, अर्ध्याहून जास्त बाया. तीन घंटे नीट बोलणं झालं, हात वर झाले, ठराव पास! म्या सगळं रेकॉर्ड केलं. उठता उठता एका दारुड्यानं खुर्ची भिरकावली, झुंबरबाईचा पदर ओढल्या गेला, बाया किंचाळल्या. चाळीस सेकंद, बस.

म्या तेवढंच टाकलं. वर लाल अक्षरात, 'ग्रामसभेत बायांचा राडा'. दोन लाख लोकांनी पाह्यलं. अन् म्या, बेशरमानं, घरी पेढे आणले!

सरपंचानं तोच व्हिडिओ तालुक्याच्या साहेबाले दाखवला: सभा गोंधळात झाली, ठराव पुन्हा घ्या. साहेब हो म्हणाले. बाई पुन्हा दारोदार. घराघरात एकच जवाब, "आमची सून मोबाइलात दाखवाची नाई." सभेले बावीस माणसं आले. सभा तहकूब, आठ दिवसांनी पुन्हा. तहकूब सभेले माणसं किती पाह्यजे, ही अट नसते.

दुसऱ्या दिवशी बाई माह्या दारात.

"गोकुळ, ते तीन घंटे असतील न तुह्याजवळ? घरोघरी दाखवीन मी. बायांचं भेव जाईन."

मोबाइलात जागा नव्हती, म्हणून म्या ते कधीचेच पुसले होते. सांगतलं तसं.

"अन् खुर्ची?" बाईनं विचारलं.

"ते आहे, काकू."

बाई शिवी देती तरी बरं होतं. तिनं नुसती चप्पल घातली अन् गेली. थू माह्या जिंदगानीवर!

तहकूब सभेले सरपंचाचेच पंधरा-वीस लोक आले. बाई एकटी उभी राह्यली, कागद वाचला, अन् ठराव पडला. मी मोबाइल घेऊन तिथंच होतो. कोणी भांडलं नाई, म्हणून म्या त्याची बातमीही केली नाई.