मोरीखालचा मुरूम

दुष्काळी कामावर मी टोळीची मुकादम होते. वय तिशीचं, शिक्षण सातवी आणि आवाज मोठा, एवढ्यावर नेमणूक झाली. श्रीगोंद्याच्या बाजूला रस्ता चालला होता, मध्ये एका ओढ्यावर मोरी घालायची होती. सिमेंट येईना. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ओव्हरसियरने घडीव दगडांची कमान करायचं ठरवलं.

खालून आधार द्यायला लाकूडही नव्हतं. म्हणून आम्ही ओढ्यात मुरमाचा ढीग रचला, ठोकून ठोकून त्याला कमानीचा आकार दिला आणि गवंड्याने त्यावर चुन्यात दगड बसवले. चुना धरेपर्यंत ओव्हरसियर आम्हाला रोम सांगत राहिला. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे असेच पूल झाले, असेच थरावर थर देऊन रस्ते झाले. काहींवरून अजून माणसं जातात. मला ते ऐकवत नव्हतं. तो ढीग शेवटी पोखरून काढायचा होता, आणि काढणार माझ्या टोळीतल्या बायका.

तो दिवस आला. दोन्ही तोंडांकडून हात पोचेल तेवढा मुरूम निघाला. पुढे आत शिरायला हवं होतं. बायका फावडी टाकून बसल्या.

"अहो, कमान पडत नसते," ओव्हरसियर म्हणाला. "रोममध्ये आधार काढताना बांधणाऱ्यालाच खाली उभं करायचे, आमचे सर सांगायचे."

"मग झालं की," एक म्हातारी म्हणाली. "सायेब, तुमी व्हा आत. आमी काय रोमच्या न्हाई."

सगळ्या हसल्या. मी म्हणाले, "ती बरोबर बोलतेय. तुम्ही गेल्याशिवाय माझी एकही बाई आत जाणार नाही."

"मुकादमबाई, हजेरी कापीन."

"कापा."

गवंडी पहार घेऊन उठला. "चला सायेब. दगड माझे, नकाशा तुमचा."

दोघं वाकून आत शिरले. पहारीचे ठोके ऐकू येऊ लागले. मी या तोंडाकडून त्या तोंडाकडे फेऱ्या मारत होते, वर कुणी चढू नये म्हणून ओरडत होते. एकदा आत काहीतरी धपकन पडलं. मी हाका मारल्या.

"मुरूम हाय, मुरूम!" गवंडी खेकसला. "वरडू नका, बाई!"

दुपारी आरपार उजेड दिसला. ओव्हरसियर आणि गवंडी मुरमाने माखून बाहेर आले. मी आत जाऊन माथ्याचे सांधे हाताने चाचपले, एकेक दगड ठोकून पाहिला आणि मगच बायकांना पाट्या घेऊन बोलावलं. संध्याकाळपर्यंत उरलेला ढीग निघाला. तेवढा वेळ ओव्हरसियर कमानीखालीच उभा राहिला. मीही त्याला जा म्हटलं नाही.