आमी वढा मोकळा केला

बुजलेला वढा उकरला तवा कोण कोण हुतं ती आधी सांगते, म्हंजे एकट्या बाईनं केलं आसं कुणी म्हणायला नगं. मी हुते. माझं मालक हुतं. थोरली जाऊ हुती, तिच्या कमरंत कायमची कळ, तरी खोरं घिऊन आलती. सासूबाई बांधावर बसल्या हुत्या. डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यास्नी, पर तोंड चालायचं. आमच्या खालच्या अंगाला ज्यांचं रान, ती चुलत सासरं हुतं. सगळी भावकी त्यास्नी आबा म्हणायची. आन् आबांची बायको, काकी. बास, एवढीच. ह्यातली आता मी तेवढी राह्यलेय.

मी लगीन हुऊन आले तवा आमच्या रानात मोटंचं पाणी हुतं. शाळू, भुईमूग, मिरची आन् घरच्या गुळापुरता ऊस. रानाच्या मधनं वढा जायचा. पावसाळ्यात वरच्या माळाचं सगळं पाणी त्याच वाटंनं आबांच्या रानातनं नदीला मिळायचं. उन्हाळ्यातबी घोट्याएवढी धार असायची. माझं धुणं तिथंच.

मग नदीवर इंजान बसलं आन् पाटाला पाणी आलं. सगळ्यांनी नुसता ऊस लावला. उसाला जितकं पाणी पाजंल तितकी कांडी जाड, ही त्या वक्ताची समजूत. पाण्याची पाळी आली की सरी तुडुंब भरली तरी कुणी पाणी बंद करायचं न्हाय. आपली पाळी दुसऱ्याकडं गेली तर बाप्यांस्नी मान खाली घातल्यागत वाटायचं.

आन् वढा? वढा म्हंजे फुकट पडलेली जागा. दर साली नांगरट झाली की बांध जरा वढ्यात सरकवायचा. एक सरी आमची वाढली, एक आबांची वाढली. आसं करत करत आबांनी त्यांच्या हद्दीतला वढा पुरता बुजवला, आमी आमच्या हद्दीतला, वरच्या अंगाच्यांनी त्यांच्यातला. रान कसं पाटावर पीठ पसरल्यागत सपाट दिसाय लागलं. येणाजाणारा म्हणायचा, "रान करावं तर ह्यांनी!" गुळाच्या ढेपा शाहूपुरीच्या बाजारात जायच्या आन् मालक येताना आमा दोघी जावांस्नी जिलबी आणायचं.

मग एक साली कोपऱ्यातला ऊस पिवळा पडला. दिवाळी सरल्यावर मातीवर पांढरं दिसाय लागलं, कुणी चुना भुरभुरल्यागत. म्या बोटानं जिभंवर ठेवलं. खारट.

जाऊ म्हणली, "बरं झालं की! आता मीठ इकत नगं. रानात जायचं आन् वटीत घिऊन यायचं."

हसलो दोघी. पुढच्या साली निम्मं रान पांढरं झालं आन् हसू आटलं. पाय टाकला की वर पापडी, खाली चिखल. मालकांनी शेणखत वतलं. मीठ धुऊन जाईल म्हणून आणखी पाणी सोडलं. जितकं पाणी सोडलं तितकं मीठ वर आलं. उसाची वाढ कमरंपातूर, कांडी बोटाएवढी. मग आमी दोघी जावा दुसऱ्यांच्या रानात रोजगारानं भांगलायला जायला लागलो. लोकाच्या बांधावर बसून आपली भाकरी खाल्ली. त्यात रडायसारखं काय न्हाय, हात हुतं, कामाला लागलं.

पर एक दिवस मालक जेवता जेवता म्हणलं, "शहरात शिवाजी पेठंत एक खोली बघून आलोय. एका मशिनीच्या कारखान्यात काम मिळतंय. ही रान मेलं. पडू दे तसंच."

म्या म्हटलं, "मेलेलं न्हाय. आजारी हाय. आजारी माणूस टाकून जातोय व्हय आपण?"

"औषध सांग मग."

औषध मला तरी कुठं ठावं हुतं? त्याच महिन्यात शेतकी खात्याचा सायब गावात आलता. म्या त्याला बांधापातूर चालवत आणला. त्यानं गुडघाभर खड्डा काढायला लावला. बघता बघता खड्ड्यात खालनंच पाणी भरलं.

सायब म्हणला, "बाई, तुमचं मीठ पाण्याबरोबर खालनं वर येतंय. पाणी उन्हानं वाळतंय, मीठ मागं राहतंय. पाणी बेतानं द्या आणि साठलेल्याला बाहेर जायला वाट करा. पूर्वी इथं ओढा असणार. कुठं आहे तो?"

आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. सायब वढ्यावरच हुबा हुता.

आमच्या हद्दीतला उकरून काय उपेग नव्हता, पाणी खाली आबांच्या रानातच तुंबणार. म्हणून सासूबाईंस्नी हाताला धरून आमी आबांच्या सोप्यात गेलो.

आबा म्हणलं, "माझा ऊस बघितलास का? हत्ती शिरला तर दिसायचा न्हाय. तुझ्या रानात मीठ फुटलं म्हणून मी माझा ऊस उपटू व्हय?"

सासूबाई म्हणल्या, "भावजी, वढा काय तुमच्या बानं खणलाता?"

"वैनी, बुजवताना तुमीच चा करून आणलासा की! वर म्हणलासा, भावजी, कडंची माती जरा दाबून बसवा!"

 गेलो तसं माघारी आलो. मालकांनी खोलीवाल्याला निरोप धाडला, पाडव्याला येतो म्हणून.

आन् पाडव्याच्या आधी आबांच्या लेकीचं लगीन आलं.

आबांच्या घरात सैपाकाला त्यांच्या रानातल्या हिरीचं पाणी असायचं, प्यायला नदीचं. लग्नाच्या सैपाकालाबी तीच पाणी. पहाटंच चुलवणावर डाळ चढवली. मी आन् जाऊ जाळ घालत हुतो. ऊन वर आलं, अक्षता पडल्या, पंगत बसली, तरी डाळीचा दाणा दाणा येगळा. काकी सारखी यायची, डाव घालून बघायची आन् माघारी जायची. शेवटी तशीच वाढली.

नवऱ्याचा मामा पंगतीतनं वरडला, "पावणं! तुमच्यात डाळ शिजवून वाढायची रीत न्हाय काय?"

दुसरा म्हणला, "गप रं, आपलं दात बघाय बोलवलंय."

पंगत फिदीफिदी हसली. आबांचं तोंड फेट्यापरास लाल झालं. ती तरातरा चुलवणापाशी आलं आन् आमच्यावर वरडलं, "जाळ नीट घालता येत न्हाय काय गं तुमास्नी?"

आमी काय बोलायच्या आत काकीनं तांब्या भरून त्यांच्या हातात दिला.

"प्या."

आबांनी घोट घेतला आन् थुकला. खारट.

काकी म्हणली, "दिवाळीपासनं सांगतीया डाळ शिजंना म्हणून. तुमी म्हणताय लाकडं वली हाईत. ही लाकडं न्हवं, ही वढ्याचं पाणी हाय. वरच्या रानात तुंबून आता हिरीत उतरलंय. आज हिरीत आलंय, उद्या तुमच्या उसात ईल. मग कुणाला वरडणार?"

 लेक सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला आबा खोरं खांद्यावर टाकून आमच्या दारात हुबं. मालकांस्नी म्हणलं, "चल रं. वाटंत ईल त्यो ऊस बैलांस्नी घालतो म्या. आता वढा कुठनं जायचा ती सांग."

ती कुणालाच नीट सांगता यीना. सपाट रानात वळण कुठलं न् काय कुठलं! सासूबाई बांधावर बसून म्हणल्या, "तळाला वाळू हुती. वाळू लागूस्तवर खणा." काळी माती, वल्ली, खोऱ्याला चिकटली की सुटायची न्हाय. हातांस्नी फोड आलं, फुटलं, वर फडकी बांधली. बाप्यांनी खणायचं, आमी बायकांनी मातीच्या बुट्ट्या वर काढायच्या. काकीच्या अंगावर आजून लग्नातलं लुगडं. वाळू लागली तसा आबांनी मूठभर घिऊन वास घेतला, आन् पुना खणाय लागलं.

दोन्ही रानातली खणाई हुस्तवर पंधरवडा गेला. मधला बांध राह्यला तवा आबा म्हणलं, "हो बाजूला. बुजवलेला म्या, फोडणार म्याच."

खोरं पडलं. आधी नुसता वलावा आला. मग एक धार. मग मातीचा गड्डाच सुटला आन् काळं, गढूळ, घाण वासाचं पाणी आमच्या रानातनं बाहीर पडलं आन् नदीकडं पळालं. सासूबाईंस्नी दिसत न्हाय, पर खळाळ ऐकून त्या बांधावर हुब्या राह्यल्या.

"आला! आला गं माझा वढा!"

जाऊनं कमरंची कळ इसरून मला वढलं आन् चिखलात फुगडी घातली. काकीनं आबांच्या कपाळाला गाळाचा टिळा लावला. आबा आन् मालक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लहान पोरागत हसत हुतं.

मीठ काय एका दिवसात गेलं न्हाय. दोन पावसाळं रान धुतलं, ताग पेरला आन् फुलाला आला की खत म्हणून मातीत गाडला. ऊस तसाच बाजूला ठेवला. तिसऱ्या साली शाळू पेरला आन् त्यो मालकांच्या डोक्याच्या वर गेला. कणसं आशी की ताटं वाकली. साऱ्या भावकीला हुरड्याला बोलवलं. वरच्या अंगाची माणसं आली, हुरडा खाल्ला, आन् पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीबी आपापल्या हद्दीतला वढा उकरला, कुणी न सांगता. माळापासनं नदीपातूर वढा पुना एक झाला. खोलीवाल्याकडं मालक एकदाच गेलं, कणसांची पेंढी द्यायला.

माझं एवढंच मागणं हाय. तुमच्या रानातनं पाण्याची जुनी वाट जात आसंल तर ती बुजवू नगा. बुजवलीच आसंल तर शेजाऱ्याला संगं घ्या आन् उकरा.